चकाकी आणि पत्रा : जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे मोल

धान्याचा व्यापारी पोते विकत घेताना वरची ओंजळ पाहून भाव ठरवीत नाही. सळई खुपसून तळातला दाणा बाहेर काढतो. सराफ दागिन्याच्या घडणीवर भाळत नाही. कसोटीवर रेघ ओढतो आणि मगच बोलतो. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसलेल्या घरांत ही रीत अंगवळणी पडलेली असते. तरीही तारुण्यात मनात भरलेली एखादी जुनी स्पोर्ट्स मोटार समोर उभी राहिली, की अशाच घरांतील कर्ती माणसे सळई आणि कसोटी दोन्ही घरी ठेवून सौद्याला बसतात. रंग चकाकतो, इंजिन गुरगुरते आणि अर्ध्या तासात सौदा पक्का होतो. पश्चात्ताप मात्र वर्षानुवर्षे पुरतो.

आज अनेक व्यापारी कुटुंबांच्या शाखा इंग्लंडमध्ये स्थिरावल्या आहेत. व्यवसाय पुढच्या पिढीच्या हाती सोपविल्यानंतर तेथे एखादी जुनी मोटार बाळगण्याचा छंद अनेकांना खुणावतो. या छंदाचे सर्वांत परिचित प्रवेशद्वार म्हणजे ‘एमजीबी’ ही दोन आसनांची उघडी मोटार. हिचेच उदाहरण समोर ठेवले, तर जुन्या वस्तूची पारख आणि तिचे मोल हा सगळा विषय उलगडतो.

मोटारीची कुळकथा

एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्टोबर १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत राहिली. १९६५ साली तिला छप्पर असलेली ‘जीटी’ ही भावंड मिळाली. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी बनल्या. म्हणजेच ही वस्तू दुर्मिळ नाही. ‘पुन्हा अशी मिळणार नाही’ असे कोणी विक्रेता म्हणू लागला, तर ते बोलणे हसून सोडून द्यावे. अशी मोटार पुढच्या महिन्यातही मिळते. ही एक गोष्ट मनात पक्की असली, तरी खरेदीदाराचे निम्मे बळ शाबूत राहते.

सर्व वर्षांच्या मोटारींना मात्र एकच भाव नसतो. १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन अखेरपर्यंत कायम राहिले. पण सुरुवातीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगे होती, ती १९६४ च्या अखेरीस पाच झाली आणि इंजिन अधिक टिकाऊ झाले. १९६७ नंतरच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअरही खरखर न करता पडू लागला. १९७४ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांपायी क्रोमच्या झळझळीत बंपरांऐवजी काळे, जाड रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढविण्यात आली. रसिकांना हे रूप रुचले नाही. त्यामुळे क्रोम बंपरवाली मोटार साधारणतः अधिक किमतीला जाते आणि रबरी बंपरवाली स्वस्त मिळते. ज्याला मिरवायचे नाही, केवळ चालविण्याचा आनंद घ्यायचा आहे, त्याला रबरी बंपरवाली निर्दोष मोटार हा शहाणपणाचा सौदा ठरतो.

या भावातील फरकामुळेच काही जण रबरी बंपर काढून क्रोमचे बसवितात. तसे करण्यात गैर काही नाही. पण ती जुनी म्हणून जुन्या भावाने विकणे हे मात्र गैर आहे. म्हणून बंपर पाहण्याआधी चॅसिस क्रमांक पाहावा. त्यातील पहिली तीन अक्षरे ‘जीएचएन’ असतील तर मोटार मूळची उघडी, ‘जीएचडी’ असतील तर जीटी. पुढचा अंक पिढी सांगतो. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या नोंदींवरून दाखला देते. त्यात मोटार केव्हा बनली, मूळ रंग कोणता होता, इंजिन क्रमांक काय होता हे कळते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हा मालाचा जन्मदाखला होय.

सळई कोठे खुपसावी

जुन्या मोटारीचा खरा शत्रू इंजिनाचा बिघाड नसून गंज आहे. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यातही उघड्या मोटारीला छपराचा आधार नसल्याने दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पेटीसारख्या पट्ट्यांवर, म्हणजे ‘सिल’वर, बराचसा भार येतो. आत-बाहेर अनेक थरांचा हा पट्टा आतून कुजला, तरी बाहेरून पुट्टी भरून आणि रंग मारून तो नव्यासारखा दाखविता येतो. घराचे जोते खचलेले असावे आणि दारावर तोरण बांधलेले असावे, तशी ही अवस्था असते.

ती ओळखण्याचे उपाय मात्र अगदी साधे आहेत. खिशात एक लहानसे लोहचुंबक असावे. पत्र्याला ते चिकटते, जाड पुट्टीला चिकटत नाही. दार आणि बॉडी यांमधील फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते पाहावे. मग जॅक लावून गाडीची ती बाजू उचलावी आणि दार पुन्हा उघडून-मिटून पाहावे. फट आवळली किंवा दार अडू लागले, तर सांगाडा मधोमध वाकतो आहे, असे समजावे. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साचतो, तेथे बोटाने दाबून पाहावे. पायाखालचे गालिचे उचलावेत. १९७४ पर्यंतच्या मोटारींत आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्यांच्या पेट्या तळाशी कुजलेल्या सापडतात. ही तपासणी करू देण्यास जो विक्रेता नाखूष असेल, त्याचा निरोप तेथेच घ्यावा.

इंजिनाची पाळी त्यानंतर येते. मोटार आधीच तापवून ठेवू नये, अशी विनंती करावी. थंड इंजिन सुरू होताना खरे बोलते. निळसर धूर निघाला, तर तेल जळत आहे. गाडी तापल्यावर चालत्या वेगात तेलाच्या दाबाचा काटा पन्नास पौंडांच्या वर स्थिर राहावा. तारांची चाके देखणी दिसतात. पण ज्या दातेरी नळ्यांवर ती बसतात, त्या झिजल्या असतील तर पुढे-मागे गिअर टाकताना ‘खट्’ असा आवाज होतो. ओव्हरड्राइव्ह असल्यास तो प्रत्यक्ष चालवून पाहावा. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ठरावीक काळाने ग्रीस मिळाले नसेल, तर सुकाणू जड होते. यांपैकी कोणताही दोष असला तरी घाबरण्याचे कारण नाही. या मोटारीचे जवळजवळ सर्व सुटे भाग आजही मिळतात. इंजिनाचा दोष भावात वळता करता येतो. सांगाड्याचा दोष मात्र सगळा भावच गिळतो.

इंग्लंडमध्ये या तपासणीला आणखी एक कारण आहे. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या मोटारींना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळाली. मालकाला ती सवलत वाटते. खरेदीदाराच्या दृष्टीने मात्र एक निष्पक्ष साक्षीदार कमी झाला. म्हणून सूट असूनही जो मालक दरवर्षी स्वेच्छेने एमओटी करून घेतो, त्याच्या मोटारीला दोन पैसे जास्त द्यावेत.

मोल कसे ठरवावे

आता मुख्य प्रश्न किमतीचा. जाहिरातीतील आकडा हा भाव नव्हे. तो विक्रेत्याची इच्छा आहे. लिलावातील आकडा अधिक विश्वसनीय, पण त्यात लिलावगृहाचे कमिशन धरले आहे की नाही, ते पाहावे लागते. यापेक्षा चांगली रीत म्हणजे उलट्या बाजूने हिशेब मांडणे. त्याच वर्षाची, त्याच प्रकारची उत्तम स्थितीतील मोटार प्रत्यक्षात कितीला विकली जाते, ते आधी ठरवावे. त्यातून समोरच्या मोटारीला तेथवर नेण्याचा सगळा खर्च वजा करावा. जो आकडा उरेल, तेवढेच तिचे मोल.

समजा, उत्तम मोटारीचा भाव शंभर आहे. पहिली मोटार नव्या रंगात चकाकते आणि विक्रेता ऐंशी मागतो. पण दोन्ही सिल कुजलेले आहेत. ते कापून नवे जोडण्यास पस्तीस आणि वेल्डिंगने जळालेला रंग पुन्हा देण्यास वीस लागतील. म्हणजे एकूण एकशे पस्तीस. दुसरी मोटार फिकट रंगाची आहे, तिचा कापडी टप फाटला आहे, आसने उसवली आहेत. पण सिल ठणठणीत असून वीस वर्षांच्या पावत्यांची फाइल सोबत आहे. विक्रेता सत्तर मागतो. टप आणि आसनांना पंधरा, किरकोळ कामांना पाच. एकूण नव्वद. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. पण ‘स्वस्त’ आणि ‘देखणी’ मोटार शेवटी कशी महाग पडते, ते त्यांवरून ध्यानात यावे. शंभर देऊन तयार उत्तम मोटार घेणे हेसुद्धा ऐंशीच्या चकाकीपेक्षा किफायतशीर ठरते.

एमजीबीच्या बाबतीत या हिशेबाला आणखी एक आधार आहे. मूळ साच्यांचा उपयोग करून तिची अख्खी नवी बॉडी १९८८ पासून पुन्हा तयार होऊ लागली. त्यामुळे पूर्णपणे कुजलेल्या मोटारीला भावनेपोटी किंमत देण्याचे कारण उरत नाही. तिचे मोल तिच्या सुट्या भागांइतकेच.

सौदा झाल्यावर विमा उतरविताना ठरावीक रक्कम आधीच मान्य करून घेणारी पॉलिसी घ्यावी. साध्या पॉलिसीत नुकसान झाल्यानंतर कंपनी बाजारभाव ठरविते आणि वाद सुरू होतो. छायाचित्रे, पावत्या आणि मालक-मंडळाचे मूल्यांकनपत्र हाताशी असले, तर वादाला जागा राहत नाही.

भारतात आणण्याचा मोह

अशी मोटार गावी, वाड्यासमोर उभी असावी, असे काहींच्या मनात येते. येथे घाई नको. आयातीची परवानगी, सीमाशुल्क आणि नोंदणी ही तीन निरनिराळी प्रकरणे आहेत. तिन्हींची लेखी खात्री झाल्याशिवाय बयाणा देऊ नये. २०२१ मधील दुरुस्तीनंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी आहे. तिची मुदत १० वर्षे असून पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. पण दोन अटी ध्यानात ठेवाव्यात. अशी मोटार रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर नेता येत नाही. शिवाय ती मूळ स्वरूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. इंग्लंडमध्ये जी नवी बॉडी मोटारीला जीवदान देते, तीच येथे प्रश्न उपस्थित करू शकते. म्हणून जन्मदाखला आणि पावत्यांची फाइल यांचे महत्त्व येथे दुपटीने वाढते.

शेवटचा ताळेबंद

खरेदीपूर्वी घरात एक प्रश्न मोकळेपणाने विचारला जावा : ही मोटार आनंदासाठी घ्यायची की नफ्यासाठी? बहुधा ‘गुंतवणूक’ हा शब्द घरच्यांची समजूत काढण्यासाठी वापरला जातो. साठवण, विमा, देखभाल आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज धरले, तर पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या वस्तूत नफ्याची आशा धरणे व्यवहाराला धरून नाही. आनंदासाठी घेतली असेल, तर तसे सांगावे, झेपेल तेवढीच रक्कम बाजूला काढावी आणि तिचा बोजा पेढीवर टाकू नये. मुलांनीही वडिलांच्या छंदाची थट्टा करू नये. खोटा हिशेब मात्र दाखवू देऊ नये.

आणि कधी विकण्याची वेळ आली, तर ज्या सिलवर आपण चुंबक फिरविले होते, त्याच सिलपाशी पुढच्या ग्राहकाला स्वतः नेऊन दोष दाखवावा. भाव थोडा उतरेल. पण पावत्यांची ती फाइल ज्या विश्वासाने हाती आली, त्याच विश्वासाने पुढे जाईल. व्यापाऱ्याच्या घरातून बाहेर पडणाऱ्या मालाला हाच खरा हॉलमार्क असतो.