पोर आळशी नाही, अक्षरे अडतात

परवा संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. बाजारपेठेत त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. बसता बसता म्हणाले, "साहेब, ओळखलंत का? १९९४ साली वडिलांनी मला तुमच्याकडे आणलं होतं. सहावीत नापास झालो होतो."

ओळखले, आणि ओशाळायला झाले. मुलगा बोलण्यात चुणचुणीत होता, तोंडी हिशेब पक्का. पण पुस्तक पुढे ठेवले की त्याला घाम फुटायचा. मी जंताचे औषध दिले, बुद्धी वाढवते म्हणून खपणारे एक टॉनिक लिहिले आणि वर वडिलांना सांगितले, "जरा धाक ठेवा." त्यांनी तो ठेवला. मुलाने नववीत शाळा सोडली.

आता त्यांची मुलगी चौथीत आहे. तिची वही चाळली. 'घर' चे 'धर' झालेले, 'भात' चा 'मात'. वेलांटी कुठे चुकीची, कुठे गायब. जोडाक्षर आले की शब्द अर्ध्यावर सोडलेला. फळ्यावरचे उतरवून घेताना मधल्या दोन ओळी गळालेल्या. 'पंचवीस' लिहायला सांगितले तर तिने ५२ लिहिले. (आपण मराठीत पाच आधी बोलतो आणि वीस नंतर, त्यामुळे लहान मुले इथे काही दिवस अडखळतातच, पण चौथीपर्यंत ते सुटायला हवे.) मग तिच्याच पुस्तकातला एक धडा मी मोठ्याने वाचून दाखवला आणि खालचे प्रश्न विचारले. सगळी उत्तरे बरोबर आली. वहीवर मात्र लाल शाईत शेरा होता: 'लक्ष नाही. आळशी.'

वाचकहो, याला डिसलेक्सिया म्हणतात. कानावर पडलेला आवाज आणि कागदावरचे अक्षर यांची जोडी आपला मेंदू सवयीने झटकन लावतो; या मुलांना ती प्रत्येक वेळी कष्टाने लावावी लागते. बुद्धीशी याचा संबंध नाही. हा दोष पुष्कळदा घराण्यातून येतो, तेव्हा बाप-लेकीची गोष्ट सारखी निघाली यात नवल नाही. आणि यावर गोळी नाही, टॉनिक नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण ते लिहून देणाऱ्यांत मीही होतो.

माझ्या अज्ञानाला निमित्तही नाही. १८९६ साली इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावातील प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी अशाच एका १४ वर्षांच्या मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. मुलगा हुशार, गणितात चांगला. पण स्वतःच्या नावातली अक्षरेसुद्धा उलटसुलट लिहायचा. ते माझ्यासारखेच गावातले डॉक्टर होते. फरक एवढाच की त्यांनी मुलाचे नीट ऐकून घेतले.

२००७ साली 'तारे जमीन पर' आला आणि हा शब्द घरोघरी पोचला. चांगले झाले, पण अशा प्रत्येक मुलात एखादा चित्रकार दडलेला असतो, असाही समज पसरला. तसे काही नसते. साध्या, चारचौघांसारख्या मुलालाही मदत मिळालीच पाहिजे.

मदत कोणती? आधी डोळे आणि कान तपासून घ्या. कमी ऐकू येणारे मूलही असेच अडते. दुसरी-तिसरी उलटूनही वाचन जमत नसेल, तर मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर चाचणी करून घ्या. घरी रोज वीस मिनिटे पुरेत. परातीत तांदूळ पसरून बोटाने अक्षर गिरवायचे आणि गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने काढायचा. शब्द तोडून, टाळ्या वाजवत म्हणायचा. एका वेळी एकच अक्षर. 'घ' पक्का होईपर्यंत 'ध' ला हात लावू नये. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणे बंद करा, त्याने चूकच पक्की होते. आणि धडे वाचून दाखवा, म्हणजे इतिहास-विज्ञान तरी मागे पडणार नाही.

आपल्या राज्यात दहावी-बारावीला अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा दोष नमूद आहे. त्यासाठी सरकारमान्य रुग्णालयाचा दाखला लागतो. चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी आणि ती आठवी-नववीतच करावी. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून माझ्याकडे दाखला मागणारे पालक दरवर्षी येतात. तो देण्याचा मला अधिकार नाही.

एका मुख्याध्यापकांनी मला विचारले होते, "हा बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?" मी त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे बोट दाखवले. ते हसले, पण पटल्यासारखे वाटले नाही. एका वर्गात साठ मुले सांभाळणाऱ्या शिक्षकाची अडचण मला कळते. तरी तोंडी उत्तर ऐकून घ्यायला आणि वहीवर 'आळशी' न लिहायला फार वेळ लागत नाही.

मुलीला चाचणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. गृहस्थ दारापर्यंत गेले आणि परत वळले. "साहेब, मोठ्या माणसांचीही तपासणी होते का? दुकानातली बिलं अजून बायकोच लिहिते."

होते, म्हटले, आणि दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली.