‘आमचा प्रांत नव्हे!’

‘ऐतिहासिक कादंबरी हा आमचा प्रांत नव्हे,’ असे कित्येक सुशिक्षित वाचक मोठ्या ऐटीने सांगतात. सामाजिक कादंबऱ्या, आत्मचरित्रे, लघुनिबंध हे त्यांचे खाद्य. तलवारींचा खणखणाट ही शाळकरी पोरांची करमणूक, असा त्यांचा निवाडा ठरलेला. निवाडा देण्यापूर्वी पुस्तक उघडले होते काय, असे विचारावे तर उत्तर मिळत नाही.

हा प्रांतभेद केला कोणी? हरि नारायण आपट्यांनी १८९० साली काढलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात यमूची करुण कहाणी सांगणारी ‘पण लक्षात कोण घेतो!’ प्रसिद्ध झाली, आणि त्याच पत्रात पुढे ‘उषःकाल’ही आली. लेखणी तीच, पत्र तेच. लेखकाला जे कुंपण दिसले नाही, ते वाचकाने कोठून आणले?

त्यांच्या ‘वज्राघाता’चेच पाहा. १५६५ साली विजयनगरचे सैन्य रणात पराभूत झाले व रामराजा मारला गेला, हा इतिहास. परंतु कादंबरीचा जीव आहे तो रामराजाने टाकलेल्या मेहेरजानच्या दुःखात. यमूच्या केशवपनाने ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांस ही परित्यक्ता परकी का वाटावी? ती राजाच्या सहवासात वावरली म्हणून?

आक्षेपकांचे म्हणणे अगदीच निराधार आहे, असे नव्हे. भुयारे, वेषांतरे, योगायोग आणि दोषरहित नायक यांचा या वाङ्मयात सुकाळ आहे. पण रडक्या सामाजिक कादंबऱ्याही ढिगाने निघाल्या. तेवढ्यासाठी त्या प्रकाराला कोणी वाळीत टाकले नाही. मग येथेच निराळा न्याय का?

खरे नुकसान पुढेच आहे. चोखंदळ वाचकाने पाठ फिरवली म्हणून ऐतिहासिक कादंबरी ओस पडत नाही. ज्यांना केवळ पूर्वजांची स्तुती हवी, त्यांच्या हाती ती जाते. मग कादंबरीकाराने रचलेले संवाद सभांतून पुरावा म्हणून ऐकू येतात; अस्सल कागदपत्र आणि कल्पित यांतील रेषा पुसली जाते. आणि ती रेषा ओळखण्याची ज्यांची पात्रता, तेच नेमके गैरहजर!

आवड बदला, असे आमचे सांगणे नाही. वर्षाकाठी एक ऐतिहासिक कादंबरी वाचा, आणि सामाजिक कादंबरीस विचारता तोच प्रश्न तीस विचारा: हिच्यातील माणसे माणसांसारखी वागतात काय? वागत नसतील तर खुशाल झोडपून काढा. पण तो अधिकार आधी वाचून मिळवावा लागतो.