पहिली रेसिपी नळाला विचारा

माल्टच्या डब्यातल्या काकवीसारख्या पाकावर दोन-चार वेळा बिअर जमली, की थेट धान्यापासून करावीशी वाटू लागते. मग लंडन आणि आसपासच्या वाचकांकडून हमखास प्रश्न येतो, पहिली रेसिपी कुठली घेऊ? रूढ उत्तर आहे पेल एल: एक माल्ट, एक हॉप, चुकायला जागा कमी. लंडनमध्ये राहणाऱ्याला मी हे उत्तर देणार नाही. रेसिपी निवडण्याआधी नळाचं पाणी बघा, असं मी सांगेन.

आपल्या घरांत हे शहाणपण होतंच. बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ शिजत नाही, म्हणून आई डाळीपुरतं गोडं पाणी वेगळं भरून ठेवायची. बिअरची गोष्ट तशीच आहे. बार्लीला मोड आणून ती वाळवली, भाजली की झाला माल्ट. नाचणी सत्त्व करताना पहिली पायरी हीच असते. हा माल्ट भरडून ६६-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचा. धान्यातलीच एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. त्यासाठी या मिश्रणाचा, म्हणजे मॅशचा, सामू ५.२ ते ५.६ असावा लागतो, आणि लंडनचं चुनखडीचं पाणी नेमकं तिथेच आडवं येतं. किटलीत पांढरा थर धरणारं हेच पाणी सामू खाली उतरू देत नाही. काळा भाजलेला माल्ट मात्र आम्लधर्मी असतो, तो सामू खाली ओढतो.

अठराव्या शतकात लंडन गडद पोर्टरसाठी गाजलं, त्यात या पाण्याचा वाटा मोठा होता. बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्याने पेल एल मोठी केली. पिल्झेनच्या अगदी मऊ पाण्यावर १८४२ साली सोनेरी लागर उभी राहिली. यातल्या कुणालाही सामू ठाऊक नव्हता. ती कल्पना १९०९ साली सोरेन्सन यांनी मांडली, तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्याच घरात.

माझा पहिला घाणा अमेरिकन पद्धतीच्या पेल एलचा होता. पाणी नळाचं, जसंच्या तसं. पहिल्या घोटालाच जीभ आखडली. चहा फार वेळ उकळल्यावर येतो तसा तुरटपणा. मी हॉप्सना दोष दिला आणि पुढच्या वेळी ते निम्मे केले. तुरटपणा तसाच. सामू चढा राहिल्यामुळे बार्लीच्या टरफलातलं टॅनिन उतरत होतं, हे कळेपर्यंत चाळीस लिटर बिअर मोरीत गेली होती. ते अजून सलतं, कारण रेसिपीत काही चूक नव्हती. ती दुसऱ्या पाण्याची रेसिपी होती, एवढंच.

म्हणून लंडनकरांनी पहिल्यांदा साधी पोर्टर करावी. वीस लिटरसाठी मॅरिस ऑटर पेल माल्ट साडेतीन किलो, ब्राउन माल्ट ४०० ग्रॅम, क्रिस्टल ३०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट २०० ग्रॅम. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स ४५ ग्रॅम, सगळे तासभर उकळायला. इंग्लिश एल यीस्ट, १८ ते २० अंश. क्लोरीन मारायला पाण्यात अर्धी कॅम्पडेन गोळी विरघळवा, नाहीतर औषधी वास राहतो. मँचेस्टर किंवा ग्लासगोला राहत असाल, तर तिथलं पाणी तळ्यांचं आणि मऊ आहे. तुम्ही खुशाल पेल एल करा. पाणी कंपनीच्या अहवालात तुमच्या भागाची अल्कलिनिटी, म्हणजे सामू खाली उतरू न देण्याची पाण्याची ताकद, सापडते, तो आकडा आधी काढा.

लागर, गव्हाची बिअर आणि आठ टक्क्यांची दणकट एल सध्या बाजूला ठेवा. लागरला आठवडेच्या आठवडे थंडावा लागतो. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे गाळताना चोथा बसतो आणि तोटी तुंबते. दणकट बिअरमध्ये यीस्ट दमतं. आणखी एक, महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही, आपल्याकडे विनापरवाना बिअर करणं हा गुन्हा आहे. तिथे हा प्रयोग करू नका.

तासाभराने मॅशचं झाकण उघडा. चहात मारी बिस्किट विरघळल्यासारखा वास येईल. चमचाभर रस चाखा, तो चांगलाच गोड लागायला हवा. मग पांढऱ्या बशीत त्याचा पसरट थेंब टाकून त्यावर आयोडीन सोडा. फक्त रस घ्या, कोंडा नको. कोंडा काळा पडतो आणि फसवतो. थेंब निळा-काळा झाला तर स्टार्च उरलाय, झाकण लावून पंधरा मिनिटं थांबा. तपकिरीच राहिला, की तोटी उघडा.