पुराणाचें आसन आणि मुक्तीचा छापखाना

कलेनें चळवळीपासून दूर राहावें, असें म्हणणारे सद्गृहस्थ आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चूक नाहीं. प्रचाराच्या ओझ्याखालीं कविता मोडते, हें खरेंच. परंतु ज्याचा हक्क हिरावला गेला, त्याच्या हातीं कलेवांचून दुसरें कांहींच उरलें नसेल, तर त्यानें करावें काय ? उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. दौंड तालुक्यांतील केडगांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आहे.

रमाबाईंची (१८५८–१९२२) कला पुराणकथनाची. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें. मातेनें ती विद्या मुलीस दिली. दुष्काळांत आईबाप गेले, आणि भावासह ही तरुणी पुराणें सांगत देशभर हिंडली. १८७८ सालीं कलकत्त्यास तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पुढें १८८२ सालीं तीच वाणी हंटर कमिशनपुढें स्त्रियांसाठीं शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मागूं लागली. पदवी देणें सोपें असतें. मागणी ऐकणें तितकें सोपें नसतें.

१८९३ सालीं शारदासदनांतील धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यांत वादळ उठलें व अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. त्या वादांत पालकांची काळजी खोटी नव्हती, हें आम्ही मानतों. पण ज्या विधवांना कोणी पालकच नव्हता, त्यांचें काय, हा प्रश्न त्या गलबल्यांत मागें पडला. रमाबाईंनीं तो सोडला नाहीं. १८९७ सालीं प्लेगच्या छावणींत स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाहीं, असें त्यांनीं वृत्तपत्रास लिहिलें. तें गाऱ्हाणें विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेलें. सरकारनें तें नाकारलें.

तरीही आम्हांस अधिक मोलाचें वाटतें तें केडगांवचें काम. दुष्काळांतून आणलेल्या शेंकडों मुलींचें गाऱ्हाणें एकट्या बाईनें किती दिवस सांगावें ? म्हणून त्यांस अक्षरें आलीं, विणकाम आलें, आणि छापखानाहि आला. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक यांवरून सोप्या मराठींत केलेलें बायबल १९२४ सालीं तेथेंच छापून निघालें. खिळे जुळविणाऱ्या स्त्रियाच होत्या. धर्म कोणता, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. परंतु जिला काल कोणी दारांत उभें करीत नव्हतें, तिच्या बोटांनीं ग्रंथ उभा राहिला, हें कोणत्याहि धर्माच्या माणसानें मान्य करावें.

दुःखितांची कैफियत आपण मांडणें ही कला खरीच. पण ती मांडण्याचें साधन त्यांच्याच हातीं देणें, हा तिचा पुढचा धर्म होय.

आमच्या घरांतून मुलींस गायन, चित्रकला, लेखन हौसेनें शिकविलें जातें. बक्षिसें भिंतीवर लागतात. तीच मुलगी उद्यां घरच्या मोलकरणीस आठवड्याची सुटी कां नाहीं, यावर निबंध लिहून आणील. त्या निबंधासहि आपल्या भिंतीवर जागा मिळावी, आणि मोलकरणीस सुटी.