नोकरी सोडून एमबीए?

नोकरी सोडून एमबीए करू का, हा प्रश्न साधारण अठ्ठाविशी ओलांडली की पडतो. बहुतेकदा बॉस बदलल्यावर.

आधी हिशेब मांडू. महिना ६० हजार मिळवणारा दोन वर्षं पूर्णवेळ शिकायला गेला की १४ लाख ४० हजार पगारातच गेले. अहमदाबादच्या आयआयएमला जायचं तर वर फी, पंचवीस लाखांच्या आसपास. इग्नूची एमबीए लाखाच्या आत होते आणि पगारही चालू राहतो.

मग पंचवीस लाख कसले? वर्गातल्या शिकवण्याचे थोडेच. पहिल्या वर्षानंतरची समर इंटर्नशिप आणि शेवटची प्लेसमेंट, खरी किंमत त्यांची. चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्स बघणारा इंजिनिअर कन्सल्टिंगमध्ये शिरतो तो बहुधा याच वाटेनं. घरबसल्या पुस्तकांतून त्याला ताळेबंद उत्तम वाचता येईल, पण मुलाखतीला बोलावणार कोण? मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीचे २०२० चे नियम सांगतात. आहे त्याच क्षेत्रात वर चढायचं असेल तर तेवढं पुष्कळ झालं. त्यासाठी राजीनामा देणं मला उधळपट्टी वाटते. क्षेत्रच बदलायचं असेल तर मात्र स्वस्तात भागत नाही.

आता ते ‘आपल्या सोयीनं’ शिकणं. इग्नू एमबीएला किमान दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षं देते. परीक्षा जूनला आणि डिसेंबरला. जूनची हुकते, कारण मार्चअखेरीची कामं मेपर्यंत रेंगाळतात. डिसेंबरची हुकते, कारण गणपती, दिवाळी आणि पाठोपाठ चुलतभावाचं लग्न. असाइनमेंट शेवटच्या आठवड्यात रात्री जागून उरकायच्या, तेही कुणाच्या तरी वहीवरून. दोष अभ्यासक्रमाचा नाही. पुढे ढकललं तरी कुणी विचारत नाही, एवढंच.

म्हणून मला मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेतले तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम जास्त पटतात. ऑफिस सुटलं की चर्चगेट, मग वर्ग. शेजारी दुसऱ्या कंपनीतला, आपल्याइतकाच दमलेला माणूस. शिक्षक किमतीचं गणित समजावत असतात आणि हा मध्येच सांगतो, ‘आमच्याकडे असं चालत नाही, डीलर ऐकत नाहीत.’ अशी वाक्यं पाठ्यपुस्तकात छापलेली नसतात. डोंबिवलीला पोचायला रात्रीचे साडेदहा वाजतात, हेही खरं.

आणि ‘नोकरी सांभाळून शिकला’ असं कौतुक होतं, तेव्हा घर कुणी सांभाळलं हे सहसा विचारलं जात नाही. लहान मूल असलेल्या बाईला तर चर्चगेट आणि अहमदाबाद सारखेच लांब. तिच्या वाट्याला दूरशिक्षणच येतं, आणि तेही सगळे झोपल्यावर. अशी कुणी अर्ज भरत असेल तर तिनं फीचा पहिला हप्ता भरण्याआधी नवऱ्याला एकच विचारावं: परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाक कोण करणार?