शेजाऱ्यांना चहाला बोलवा

महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिट्यांचे सभासद यांस,



कमिटीच्या निवडणुकीचे वारे सुटले की आपल्या आवारात एकदम ओळखी वाढतात. एरवी ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्याचीही "सलाम, काय म्हणताय?" अशी विचारपूस होते. एवढी आपुलकी वर्षभर, आणि मतदारयादीत नाव नसलेल्यालाही मिळाली असती, तर मी हे पत्र लिहायला बसले नसते.

रविवारी एखादे नवे कुटुंब उपासनेला येते. बदली होऊन आलेले, जालन्याकडचे नाहीतर मिरजेकडचे. मागच्या बाकावर अंग चोरून बसते. गीताचा क्रमांक सांगितला जातो, सगळ्यांच्या हातात घरून आणलेले 'उपासना संगीत' असते, यांच्याजवळ नसते. शेजारचा आपले पुस्तक त्यांच्याकडे जरासुद्धा सरकवत नाही. आशीर्वाद झाला की दारात एक प्रश्न हमखास येतो, "तुम्ही मूळचे कुठल्या मिशनचे?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, मान्य. पण 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्याला अर्धशतक उलटून गेले. तरी अमेरिकन मिशन, स्कॉच मिशन, एस. पी. जी. मिशन हे आपण अजून कुळासारखे विचारतो. आणि ज्याला सांगायला मिशनच नाही, जो रस्त्यावरून पेटीचा सूर ऐकून आत डोकावला, त्याने काय सांगावे?

बाहेरच्यांना बोलवा म्हटले की तुमच्यापैकी कोणीतरी आवाज खाली आणून म्हणते, "दिवस बरे नाहीत, उगाच धर्मांतराचा आळ येईल." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. 2011 च्या जनगणनेत राज्यात आपण सुमारे 10 लाख 80 हजार होतो, शेकडा 1 सुद्धा भरलो नाही. इतक्या थोड्या लोकांनी जपून राहावे हे साहजिकच. पण जपणे म्हणजे उपासना संपताच फाटकाला कुलूप, असे आपण ठरवून टाकले आहे. कुंपणाच्या आत काय चालते हे ज्याने कधी पाहिलेच नाही, त्याला कोणी काहीही सांगावे आणि त्याने ते खरे मानावे. अफवेला बंद फाटकाइतकी सोयीची जागा नाही.

आपले पूर्वज असे घाबरट नव्हते. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडी मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा आला. गोपाळराव जोशांनी पाहुण्यांची नावे छापून आणली आणि गावभर गहजब झाला. ग्रामण्य झाले, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद पेटला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. आज आपल्या आवारात चहा घेतला म्हणून कोणाला प्रायश्चित्त पडत नाही. उपासनेनंतर थर्मास येतो, बिस्किटे येतात, आणि आपलेच आपण त्याच चार चेहऱ्यांशी जमिनीच्या दाव्याच्या तारखेबद्दल बोलत चहा पितो. समोरच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याला किंवा पलीकडच्या मशिदीतल्या मौलानांना "या ना रविवारी" असे म्हटल्याचे मला तरी आठवत नाही.

नगरची गोष्ट तर तुम्ही प्रत्येक वर्धापनदिनी सांगता. अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले भारावले, 1842 साली तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांच्या इस्पितळाच्या ओसरीत सगळ्या जातींचे रुग्ण असायचे. खरे आहे, पण ते भाषणातच राहू लागले आहे. मला त्याहून जवळचे वाटतात ते नारायण वामन टिळक. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. मिशनऱ्यांपैकी कित्येकांना ते रुचले नाही. टिळकांची पदे आपण डोळे मिटून गातो, दरबार मात्र सोयीस्कर विसरतो.

हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते. कॅथलिकांची यात्रा, पण रांगेत नवस फेडायला आलेल्या बायकांच्या कपाळावर कुंकू असते आणि कोणी कोणाला हटकत नाही. आपण प्रॉटेस्टंट लोक नवसाला नाक मुरडतो, मीही त्यातलीच. तरी ती गर्दी पाहिली की वाटते, माणसांना आत घेणे त्यांना आपल्यापेक्षा बरे जमले.

आता कामाचे बोलते. मंडळीचा हॉल सोमवार ते शनिवार बंद असतो. महिला मंडळाची सभा आणि एखादे लग्न सोडले तर कुलपाला हात लागत नाही. त्याच गावात एम. पी. एस. सी. करणारी पोरे खासगी अभ्यासिकेत खुर्चीभर जागेसाठी दरमहा पैसे मोजतात. पंखे आहेत, बाके आहेत, नळ आहे. सकाळी सहापासून हॉल उघडा ठेवा, जात-धर्म न विचारता. आणि एक विनंती, टेबलावर पत्रके ठेवू नका. अभ्यासाला आलेल्या पोराला अभ्यासच करू द्या. त्याला काही विचारावेसे वाटले तर तो विचारील, पाळकसाहेबांचे घर आवारातच आहे.

कापणीच्या सणाला धान्य, भोपळे, कोंबड्या यांचा लिलाव आपल्यातच होतो. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना त्या दिवशी बोलवा. त्यांना या सणाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणि बाहेरच्यांच्या आधी घरच्यांचे बघा. वर्गणी थकली म्हणून मयताच्या वेळी रजिस्टर उघडून बसणारी कमिटी मी पाहिली आहे. शव दारात, आणि मुलगा पावत्या शोधतोय. असल्या मंडळीत कोणी नवखा कशाला पाऊल टाकील? थकबाकी मागायला पुढचा महिना पडलेला असतो. कमिटीत बायका किती आणि पंचविशीच्या आतले किती, हेही एकदा मोजा. स्वयंपाक, झाडलोट, रविवारची शाळा आमच्याकडे, आणि ठराव मात्र तुमच्याकडे, ही वाटणी कोणी केली ते मला ठाऊक नाही.

येत्या मासिक सभेत जमिनीच्या दाव्याचा विषय असणारच. त्याच्या आधी विषयपत्रिकेवर एवढे दोन घ्या: हॉलची किल्ली कोणाकडे राहील, आणि रविवारी दारात पुस्तके घेऊन कोण उभे राहील. दुसऱ्या कामाला मी नाव देते.

आपली,
मंडळीची एक सभासद