आमच्या चाळीतली पाणीवाली बाई

शेजारच्या गोरेगावात पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणालताई गोरे म्हणजे ‘पाणीवाली बाई’. २०१२ साली त्या गेल्या, तेव्हा मंडळात मीही त्यांच्यावर भरभरून बोलले. पण जोगेश्वरीला, मेघवाडीच्या चाळीत, आमची पाणीवाली बाई होत्या समोरच्या काकू! आई पहाटेच कामावर निघायची. काकू स्वतःच्या हंड्याआधी आमची कळशी भरून ठेवायच्या.

दहावीनंतर आम्ही ब्लॉकमध्ये राहायला गेलो आणि मला चाळीचीच लाज वाटू लागली. एकदा स्टेशनवर काकू दिसल्या. मैत्रिणींसमोर मी चक्क ओळख दाखवली नाही.

परवा, अठ्ठावीस वर्षांनी, त्यांच्याकडे गेले. माफी मागायची होती, पण तोंडून शब्द फुटेना. माझा हात धरून त्यांनीच विचारलं, ‘‘आई बरी आहे ना गं? तिकडे पाणी येतं का वेळेवर?’’